वार्धक्य समजून सोडू नये

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



जीवदया या विषयावर बोलावे असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. शास्त्रांचा माझा अभ्यास नाही, पशुवैद्यकाचे शिक्षण तर नाहीच. परंतु एका मुक्या जीवाच्या बाबतीत माझ्या हातून जी हयगय झाली, ती आपणासमोर प्रांजळपणे मांडावी, एवढ्याच अधिकाराने मी उभा आहे.

आमच्या घरी मनी नावाची मांजर होती. 2013 साली ती बारा वर्षांची होती. ती कधी उंबरठा ओलांडून बाहेर गेली नाही. त्या पावसाळ्यात गोदामात भिजत पडलेली दोन पिल्ले मी दयाबुद्धीने घरी आणली. त्यांचे ताट, पाणी आणि विष्ठेची वाळू मनीबरोबर एकाच ठिकाणी ठेवली. पुढे दिवाळीचा हंगाम आला. मनी कमी खाऊ लागली, दिवसभर झोपू लागली. घरात विषय निघाला की मी म्हणे, "वय झाले तिचे." नातू म्हणाला, "आजोबा, मनी जाड झाली." खरोखर पोट वाढले होते, पण पाठीचा कणा हाताला लागत होता. बोटांनी कापडाची जात ओळखणाऱ्या मला तो कणा जाणवला नाही, कारण मी हात फिरवलाच नव्हता.

डॉक्टरांनी पोटातील पाणी काढले. ते पिवळसर आणि चिकट होते, त्यात प्रथिनांचे प्रमाण फार होते. सर्व तपासण्यांचा एकत्रित विचार करून त्यांनी निदान सांगितले : फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, संक्षेपाने एफआयपी. यावर उपाय नाही, इंजेक्शन देऊन तिची सुटका करता येईल, असे ते म्हणाले. त्या काळाच्या ज्ञानानुसार ते बरोबरच होते. आमच्या मनाने ते इंजेक्शन स्वीकारले नाही. मनी आणखी बारा दिवस जगली. ते बारा दिवस तिला सुखाचे गेले, असे मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर या रोगाविषयी मी जमेल तसे वाचत गेलो. 1963 साली अमेरिकेतील बोस्टनच्या पशुरुग्णालयात डॉ. जीन होल्झवर्थ यांनी या रोगाची नोंद केली. त्याचे मूळ मांजरांमधील कोरोना विषाणूत आहे. कोविडचा विषाणू निराळा. मांजरांचा हा विषाणू माणसाला बाधत नाही. तो विष्ठेतून पसरतो, म्हणून जिथे अनेक मांजरे एकच वाळू वापरतात तिथे तो सहज फिरतो. बहुतेकांना काहीच होत नाही, फार तर थोडे जुलाब होतात. मात्र काही थोड्या मांजरांच्या शरीरात विषाणूचे रूप पालटते. तो रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो, रक्तवाहिन्यांचा दाह होतो आणि द्रव पोटात किंवा छातीत झिरपतो. दुसऱ्या प्रकारात पाणी साठत नाही. मूत्रपिंड, डोळे वा मेंदू यांत गाठी आणि दाह होतो. हा प्रकार ओळखणे अधिक कठीण.

हा रोग मुख्यतः दोन वर्षांच्या आतील मांजरांत आढळतो. दहा वर्षांपुढच्या मांजरांतही तो होतो, आणि तिथेच फसगत होते. वृद्ध मांजर रोडावली की आधी मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइड किंवा कर्करोग यांचा विचार होतो, आणि तो योग्यच आहे. पोटातील पाणीही हृदयाच्या, यकृताच्या विकाराने किंवा कर्करोगाने साठू शकते. परंतु घरातच राहणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला संसर्ग कुठून होणार, असे मानून या रोगाकडे दुर्लक्ष होते. संसर्ग नव्या मांजराबरोबर घरात येऊ शकतो किंवा जुनाच शरीरात राहिलेला असू शकतो. माझ्या पिल्लांमुळेच हे घडले, असे सिद्ध करता येणार नाही. पण ती शंका माझ्या मनातून गेलेली नाही.

आता आशेची बाजू सांगतो. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात डॉ. नील्स पेडरसन यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग या रोगाच्या अभ्यासाला दिला. 2019 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-441524 या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या 31 मांजरांपैकी 25 दीर्घकाळ निरोगी राहिल्या. उपचार साधारणतः 84 दिवसांचा असतो. रीतसर पुरवठा नसल्यामुळे अनेक वर्षे लोक हे औषध चोरट्या बाजारातून, आत काय आहे याची खात्री नसताना, घेत राहिले. 2021 पासून ब्रिटनमध्ये आणि जून 2024 पासून अमेरिकेत ते पशुवैद्यांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळू लागले. 2023 साली सायप्रस बेटावर कुत्र्याच्या विषाणूशी संकर झालेल्या नव्या प्रकाराने असंख्य मांजरे दगावली, त्यांत सर्व वयांची होती. तेव्हा तेथील सरकारने माणसांसाठी आणलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. जो रोग 2013 मध्ये मृत्युपत्र होता, तो आज वेळेवर कळला तर बहुधा बरा होतो. मात्र औषध आणि मात्रा पशुवैद्यच ठरवतील, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून काहीही देऊ नये.

मग आपण काय करावे? व्यापारी माणसाच्या पद्धतीने सांगतो. प्रत्येक घरच्या मांजराचे वजन महिन्यातून एकदा करून वहीत लिहावे. आपण पै-पैचा रोजमेळ ठेवतो, त्यात ही एक ओळ जड नाही. वजन सतत घटत असेल, प्रतिजैविकाने न उतरणारा ताप असेल, पोट फुगत असेल, डोळ्यांत बदल दिसत असेल किंवा कावीळ असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. एकाच रक्तचाचणीवर निर्णय मागू नये. कोरोनाची प्रतिद्रव्ये निरोगी मांजरातही सापडतात. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन यांचे प्रमाण, साठलेल्या द्रवाची तपासणी, आवश्यक तर पीसीआर, असे सर्व पाहूनच निदान होते. "या वयातही एफआयपी असू शकेल का?" एवढा एक प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे अवश्य विचारावा.

नवे मांजर आणले तर काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. वाळूची भांडी मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावीत, रोज साफ व्हावीत आणि अन्नापासून दूर असावीत. 2013 च्या पावसाळ्यात मला यातले काहीही कठीण नव्हते.

आपल्याकडे दयेच्या जोडीला जयणा सांगितली आहे. पिल्ले उचलून आणणे ही दया होती. ती कुठे ठेवावीत याचा विचार करणे ही जयणा होती. पहिली माझ्याकडे होती, दुसरी नव्हती. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे मुक्या जीवांची सेवा केली आहे. पुढील काळात त्या सेवेत वजनाचा काटा आणि नोंदीची वही असावी, अशी माझी विनंती आहे.

ती दोन पिल्ले पुढे मोठी झाली. त्यातले एक आजही आमच्या घरी आहे, म्हातारे झाले आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकानात जाण्यापूर्वी मी त्याला काट्यावर ठेवतो आणि पाठीवरून हात फिरवतो.

बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.