बार्शीचा उलटा हिशेब



बार्शी म्हटलं की कुणाला भगवंताचं मंदिर आठवतं, कुणाला तूरडाळीच्या गिरण्या, तर जुन्या माणसांना ‘बार्शी लाइट’ ही अरुंद रुळांवरची गाडी. फ्रान्समधल्या लिआँ शहरात किंवा जिनिव्हात बसून कॅन्सरवर काम करणाऱ्यांना मात्र बार्शी ठाऊक आहे ती तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमुळे आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायकांमुळे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी करावी, हे आज जगात ज्या पुराव्यांवर ठरतं, त्यांतला एक मोठा पुरावा या भागातून गेला आहे. आणि ज्या बायकांनी तो दिला, त्यांच्या लेकी-सुनांना ती तपासणी अजून सहज मिळत नाही. मला आज बोलायचंय ते या उलट्या हिशेबाबद्दल.

१९८७ साली बार्शीत ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. देशातली ही अशी पहिलीच. तोवर कॅन्सरची मोजदाद व्हायची ती मुंबईसारख्या शहरांत, कारण मोठी इस्पितळं तिथे आणि कागदपत्रंही तिथेच. खेड्यात माणूस ‘आजारी होता, गेला’, एवढीच नोंद. मग बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत नोंदणीची माणसं फिरू लागली. गावातल्या जाणत्यांना भेटायचं, कुणाच्या तोंडात बरा न होणारा चट्टा आहे का, कुणाच्या छातीत गाठ आहे का, कुणा बाईच्या अंगावरून अवेळी जातंय का, याची चौकशी करायची आणि संशय आला तर बार्शीला दाखवायला सांगायचं. मोजायला निघालेली ही माणसं बोलता बोलता लोकांना शहाणं करत गेली. काही वर्षांतच दिसू लागलं की या गावांतल्या बायका पूर्वीपेक्षा लवकर, आजार फार पसरण्याआधी, दवाखान्यात येताहेत. यंत्र नाही, औषध नाही, नुसत्या गाठीभेटी आणि बोलणं. १९९५ मध्ये हा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. पुढे झालेल्या मोठ्या प्रयोगापेक्षा मला हेच काम जास्त मोलाचं वाटतं. पण त्याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही.

नोंदणीच्या वह्यांत बायकांच्या रकान्यात सगळ्यात वर होता तो गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आपल्याकडे बायका त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात. याच्या मुळाशी एक विषाणू असतो, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध उलगडला आणि त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. एवढं ऐकलं की आपल्याकडे कुजबुज सुरू होते, आणि संशयाचं बोट दरवेळी बाईकडेच वळतं. म्हणून हे नीट ऐका. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी भेटतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप निघूनही जातो. कुणाच्या चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही. थोड्या जणींच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. तंबाखूचा धूर, लहान वयातलं लग्न, एकापाठोपाठ एक बाळंतपणं, अंगातली प्रतिकारशक्ती कमी असणं, या गोष्टी त्याला हात देतात. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात. त्या बदललेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त काळ लागतो. इतका सावकाश येतो हा कॅन्सर. या वाटेवर त्याला मधेच कुठेही गाठलं, तर कॅन्सर बहुधा टळतो.

प्रश्न एवढाच, गाठायचं कसं? श्रीमंत देशांत पॅप तपासणी होती. गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्यासाठी तयार नजरेची माणसं लागतात, प्रयोगशाळा लागते, दर काही वर्षांनी बाईला पुन्हा बोलवावं लागतं. आपल्याकडे यातलं काय होतं?

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, एक मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचे डॉ. भगवान नेने, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो उभा केला. तिथे त्याची सूत्रं होती डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन यांच्याकडे. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका. समूहांची चार गटांत चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. एका गटाला एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्या गटात तपासणी नाही. फक्त माहिती आणि गरज पडल्यास नेहमीची सेवा.

व्हिनेगरची तपासणी म्हणजे काय, ते सांगते. आरोग्यसेविका कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला चार टक्के तीव्रतेचं ॲसेटिक आम्ल लावते. चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं तेच, तसाच नाकाला झोंबणारा वास. मग एक मिनिट थांबायचं. चांगल्या उजेडात बघायचं. निरोगी भाग गुलाबी राहतो. पेशी बदललेल्या असतील तिथे पांढरा, कडा स्पष्ट दिसणारा डाग उमटतो. निकाल तिथल्या तिथे. बाईला दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून पुन्हा यावं लागत नाही. डाग लहान असेल तर अतिथंड वायूने तो भाग गोठवून टाकतात, भूल द्यावी लागत नाही.

घरोघर जाऊन बायकांना बोलावणं पाठवलं होतं. बोलावलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आल्या. खेड्यातल्या बायका लाजतात, येत नाहीत, असं सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वयस्क, विधवा, न शिकलेल्या बायका मात्र त्यामानाने कमी आल्या, आणि ती खरी काळजीची बाब होती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात पुढच्या टप्प्यावर पोचलेले कॅन्सर ८२, मृत्यू ६४. एचपीव्ही तपासणीच्या गटात असे कॅन्सर ३९, मृत्यू ३४. म्हणजे जवळपास निम्मे. आणि हे सगळं आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने! पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. ज्या बायकांची एचपीव्ही तपासणी निर्दोष आली, त्यांच्यात पुढे कॅन्सरचं प्रमाण वर्षाला लाखामागे ३.७ इतकंच राहिलं. पॅप निर्दोष आलेल्यांमध्ये ते १५.५ होतं. एचपीव्हीची तपासणी ‘नाही’ म्हणाली तर बाईने काही वर्षं निर्धास्त राहावं, हे त्यातून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्हीच्या तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत हे आकडे आहेत.

मग व्हिनेगरची तपासणी कुचकामी ठरली का? घाई करू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली तीच तपासणी दीड लाख बायकांच्या प्रयोगात वापरून पाहिली. तपासायला डॉक्टर नव्हते, दहावी झालेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. फरक असा की इथे तपासणी दोन-दोन वर्षांनी चार वेळा झाली आणि तपासणाऱ्यांच्या कामावर सतत लक्ष ठेवलं गेलं. बारा वर्षांनंतर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले. व्हिनेगरची तपासणी बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते. पुन्हा पुन्हा केली आणि देखरेख कडक ठेवली तर ती जीव वाचवते. शिबिरात एकदा उरकली तर फारसं हाती लागत नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून हीच तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी सांगितलेली आहे. देखरेख कडक आहे का, ते मी बोलत नाही. तुमच्या उपकेंद्रात डोकावून बघा.

या प्रयोगांवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. जगात एक तपासणी उपयोगी आहे हे माहीत असताना हजारो बायकांना मुद्दाम विनातपासणी का ठेवलं? त्यांना हे पुरतं समजावून सांगितलं होतं का? संशोधकांचं म्हणणं असं की त्या काळी या भागात कुणालाच तपासणी मिळत नव्हती, म्हणून काही हिरावून घेतलं नाही. या उत्तराने माझं समाधान होत नाही. त्या चौथ्या गटात दगावलेल्या ६४ बायका कुणाच्या तरी आई-बहिणी होत्या. आपल्याला जे कळलं, ते त्यांच्या जिवावर कळलं. म्हणूनच कळल्यावर काही न करणं हा दुसरा अन्याय.

आता लसीची गोष्ट. २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी, त्यात पुणे आणि बार्शीही होतं, १० ते १८ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस देऊन दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे तपासणं सुरू झालं. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने अशा लसीकरणाला एकदम स्थगिती दिली. कारण वेगळंच होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत दुसऱ्याच एका प्रकल्पात लस घेतलेल्या काही मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीमुळे नव्हते, असं चौकशीत निघालं. पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतीवर सह्या केल्याचंही निघालं, आणि संताप त्याचाच होता. या गदारोळात बार्शी-पुण्याचं कामही थांबलं. परिणामी, जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. कुणी आखून असा गट केला नसता. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की विषाणूच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांपासून एका डोसनेही जवळजवळ दोन-तीन डोसांइतकंच संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. अर्ध्यावर थांबलेल्या कामाने गरीब देशांचा लसीचा खर्च निम्म्यावर आणला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ लसीला परवानगी मिळाली.

एवढं सगळं आपल्या अंगणात घडलं. आणि अंगणातली आजची स्थिती? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी कधी काळी ही तपासणी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोन सुद्धा नाहीत. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा आजार होतो आणि पाऊण लाखाहून जास्त दगावतात.

तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. धाराशिवला लागूनच बीड जिल्हा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या तिथल्या बायकांच्या, अगदी पंचविशी-तिशीतल्यांच्याही, पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून गेलेल्या बाईला सांगितलं जायचं, ‘पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल.’ पाळी आली की कोयत्याला खाडा आणि खाड्याला दंड, त्यामुळे तिलाही ते पटायचं. श्रोतेहो, पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकदा तो साधा संसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा. एका तपासणीने ज्या बाईची शंका फिटली असती, तिने कर्ज काढून अवयव गमावला.

एचपीव्हीच्या तपासणीत एक सोय अशी आहे की नमुना बाई स्वतःच, पडद्याआड, एका छोट्या ब्रशने घेऊ शकते. लाजेचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. यंत्राचं म्हणाल, तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हे लहानसं यंत्र क्षयरोगासाठी कितीतरी सरकारी दवाखान्यांत आधीच बसवलेलं आहे, आणि एचपीव्ही तपासणारी चिपही त्याच यंत्रावर चालते. आशाताई घरोघर जातातच. तुकडे सगळे जागेवर आहेत, ते जोडायचा निर्णय मुंबईत आणि दिल्लीत व्हायचा आहे. तो व्हावा म्हणून ग्रामसभेत कुणी ठराव मांडला, तर मला आनंद होईल.

तोवर घरात बसून राहू नका. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने, काही त्रास नसला तरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘गर्भाशयमुखाची तपासणी करायची आहे’ असं सरळ सांगावं. पाळीचे दिवस टाळून जावं. लस घेतलेल्यांनाही तपासणी चुकत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर गेलं, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावं. घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी ‘कशाला जातेस’ म्हणायच्या ऐवजी गाडी काढावी.