एका वेळी एक गाठ



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीची भुई हादरली. आदल्या दिवशीच लोकांनी गणपती बोळवले होते. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढे नवी गावे वसली, घरे उभी राहिली. पण मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय?

अशा आघातानंतर झोप लागत नाही. भांडे पडले तरी छातीत धस्स होते. दहा अडचणी एकदम समोर येतात, आणि माणूस गुडघ्यांत मान घालून बसतो. हे वेड नव्हे, भित्रेपणाही नव्हे. असे पुष्कळांना होते.

यावर एक रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली काढलेल्या एका पुस्तिकेत ती दिली आहे. ती शिकवायला डॉक्टरच लागतो असे नाही. नीट तयार केलेला साधा माणूसही शिकवू शकतो.

समजा, एका बाईचे घर पडले, घरधनी गेला. ती म्हणते, "सगळंच बुडालं. मी काय करू?"

शेजारीण म्हणते, "एकदम सगळं नको, बाई. एकेक सांग. मी लिहिते."

मग कागदावर उतरते : धनी गेला. रात्री भीती वाटते. रेशनकार्ड ढिगाऱ्यात गेले. पोराची शाळा सुटली.

आता निवड करायची. धनी परत येणार नाही. त्याला इलाज नाही. तिथे रडू द्यावे, जवळ बसावे. पण रेशनकार्ड मिळण्याजोगे आहे. तेच आधी घ्यावे.

मग सुचतील तेवढे उपाय लिहावेत. तलाठ्याला विचारावे. दुकानदाराकडे जुनी नोंद पाहावी. भावाला तहसील कचेरीत पाठवावे. आपणच जावे. लिहिताना कशालाही नावे ठेवू नयेत. नंतर जमेल तो उपाय निवडावा. कोण जाणार, कधी जाणार, तेही ठरवावे : "सोमवारी, सकाळच्या एस.टी.ने, आपण दोघी."

कचेरीत म्हणाले, "आणखी एक कागद आणा," तर खचू नये. घरी येऊन पुढचे पाऊल लिहावे.

शेजारणीने एक पथ्य पाळावे. सोबत जावे, पण अर्ज त्या बाईलाच देऊ द्यावा. आपल्या हातून काही होते, हे तिला पुन्हा कळले पाहिजे. नुसत्या कार्डापेक्षा ते मोठे आहे.

महिना उलटला तरी झोप नसेल, कामात मन नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. जीव देण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट फोन लागतो.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. कुणा दुखावलेल्याच्या शेजारी कागद घेऊन बसा. आधी ऐका, मग लिहा.