खिशातला चाकू

श्रोतेहो, शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ उभं राहून शेताकडे निघालेल्या एखाद्या गड्याला विचारलं, "बाबा, खिशात काय काय आहे?" तर काय निघेल? तंबाखूची डबी, मोबाइल, सुतळीचा तुकडा, आणि पुष्कळदा एक मिटता चाकू. तो कसा निवडला म्हणाल तर, बाजारात दिसला, मूठ तांबडी होती, घेतला. बैल घेताना आपण दात पाहतो. बियाणं घेताना पिशवीवरची तारीख वाचतो. जी वस्तू रोज दहा वेळा हातात यायची, जिच्या धारेवर कलम जगायचं की मरायचं ते ठरतं, आणि जी चुकली तर आपलंच बोट कापते, ती मात्र रंग पाहून घेतो. आज या एवढ्याशा वस्तूविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

चाकू चांगला की वाईट हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : मला कापायचं काय आहे? शहागडचा परिसर ऊस, कापूस आणि मोसंबीचा. ऊस तोडायला कोयता आहे, तणाला खुरपं आहे. ती कामं खिशातल्या चाकूची नव्हेत. त्याची कामं बारीक. खताच्या गोणीची शिवण उसवणं, ठिबकची नळी कापणं, बैलाच्या गळ्याला दाव्याचा फास बसला तर तो तत्काळ तोडणं, मोसंबी सोलणं. आणि ज्यांची रोपवाटिका आहे त्यांना डोळे भरणं.

या डोळे भरण्याच्या कामाकडे जरा नीट पाहू. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ही मोसंबी बियांपासून लावत नाहीत. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चीर द्यायची, साल हलकेच उचलायची आणि निवडक झाडाचा डोळा तिच्यात सरकवून वरून पट्टी बांधायची. सालीच्या आतला ओला, हिरवट थर दोन्हीकडून एकमेकांना चिकटला तर डोळा जगतो. चाकू बोथट असेल तर तो थर कापला जात नाही, चेचला जातो. चेचलेली साल वाळते, डोळा काळा पडतो, आणि माळी म्हणतो, यंदा हवा बरी नव्हती. हवेचा दोष असेलही; पण आधी धार पाहावी.

आणखी एक. लिंबूवर्गातले काही रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडाचे दुसऱ्या झाडाला लागतात. म्हणून एका मातृवृक्षाकडून दुसऱ्याकडे जाताना पातं धुवावं. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं पातळ द्रावण मिळतं, ते एक भाग आणि पाणी नऊ भाग घ्यावं. मात्र या पाण्यानं पोलाद गंजतं, तेव्हा लगेच साध्या पाण्यानं धुऊन, पुसून तेलाचं बोट फिरवावं.

आता पात्याचं पोलाद. जालना हे लोखंडी सळयांच्या कारखान्यांचं शहर. कुणी म्हणेल, मग सळईचाच तुकडा ठोकून पातं का करू नये? करता येईल, पण ते धार धरणार नाही. घराच्या सळईत शंभर किलोला कार्बन असतो पाव किलोच्या आसपास. सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवतात. चाकूच्या पोलादाला शंभर किलोला साधारण सहाशे ग्रॅम ते एक किलो कार्बन लागतो. त्याशिवाय त्याला 'पाणी' बसत नाही. आपले लोहार हे शास्त्र न शिकताही जाणतात. शहागडवरून सोलापूर-धुळे रस्ता जातो, मालमोटारींची रहदारी अखंड; त्यांच्या तुटलेल्या कमानीचा पाटा मिळाला की लोहार तो जपून ठेवतो. त्या पाट्यात कार्बन पुरेसा असतो. तो तापवून लाल करायचा, तेलात विझवायचा, मग पुन्हा हलका तापवून कडकपणा थोडा उतरवायचा, नाहीतर पातं काचेसारखं तडकतं. घेताना पात्याच्या मागच्या अंगाला नव्हे, धारेजवळ कानस अलगद लावून पाहावी. कानस घसरली तर पाणी ठीक बसलं. तिनं सहज कीस काढला तर पातं मऊ आहे.

साधं कार्बन पोलाद की न गंजणारं पोलाद, हा वाद नेहमीचा. साधं पोलाद दगडावर लवकर धार घेतं, पण मोसंबीच्या रसानं काळं पडतं आणि फळाला लोखंडाची चव देतं. न गंजणारं पोलाद घाम, पाऊस आणि आळस सोसतं. धार लावायला मात्र जरा अधिक वेळ घेतं. माझं मत विचाराल तर कलमाच्या माळ्यानं पहिलं घ्यावं आणि इतरांनी दुसरं. पुसायची सवय सर्वांनाच नसते.

गुरुजनांनो, चाकूचा आणि अक्षराचा संबंध तुम्हाला सांगायला नको. बोरूनं लिहायचं तर आधी बोरू तासावा लागे आणि त्याच्या टोकाला तिरपा छेद द्यावा लागे. याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे, आणि त्यात बोरू कसे आणावेत, टाक कसे तोडावेत इथपर्यंत विचार आहे. बोथट चाकूनं तासलेल्या बोरूचं अक्षर फुटणारच.

हल्ली बाजारात दहा-बारा अवजारं एका मुठीत बसवलेले चाकू येतात. त्यांचा मोह पडतो. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. कानकोरणं, दातकोरणं आणि काटा काढायचा चिमटा एका कडीत ओवून कमरेला बाळगणारी जुनी माणसं अनेकांनी पाहिली असतील. स्वित्झर्लंडात कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं १८९१ साली तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत चारच गोष्टी होत्या : पातं, दाभण, डबा उघडण्याचं अवजार आणि पेचकस. पेचकस का? तर शिपायाला बंदूक खोलावी लागे म्हणून. हेच सूत्र धरावं. त्या मुठीतलं प्रत्येक अवजार मोजावं आणि विचारावं, गेल्या महिन्यात मला हे कधी लागलं? विहिरीवरच्या मोटारीची देखभाल करणाऱ्याला पक्कड आणि पेचकस असलेलं अवजार खरोखर उपयोगी. मात्र लोखंडी मुठीला वीज अडत नाही; मुख्य खटका पाडल्याशिवाय वायरीला ते लावू नये. बाकीच्यांना एक पातं, एक दाभण आणि बाभळीचा काटा काढायला एक चिमटा पुष्कळ झाला. जास्त अवजारांचा चाकू जड होतो, जड झाला की घरी राहतो, आणि घरी राहिलेला चाकू शेतात फास तोडायला येत नाही.

आकार म्हणाल तर पातं तीन-चार बोटं लांब असावं, त्याहून मोठं नको. दुकानात उघडून पातं डावीउजवीकडे हलवावं. खिळ्यापाशी डुगडुगत असेल तर ठेवून द्यावा. मिटताना धार मुठीच्या मध्यावर बसते का तेही पाहावं. मग एक महत्त्वाची गोष्ट : पातं उघडल्यावर अडकतं का? काही चाकूंचं पातं नुसत्या कमानीच्या जोरावर उभं राहतं. त्याचं टोक कशात खुपसलं की ते उलटं मिटतं आणि खाली आपलीच बोटं असतात. ज्यांना टोचण्याचं, दाबण्याचं काम आहे त्यांनी खटका किंवा फिरती कडी असलेला, पातं अडकवून धरणारा चाकूच घ्यावा.

पण बटण दाबताच सटकन उघडणारा, सिनेमात गुंडाच्या हातात दिसतो तसला, घेऊ नका. कामाला तो बरा नसतो आणि पोलिसांच्या नजरेत उगाच भरतो. कायद्याचंही माहीत असावं. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळी धरली आहेत. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ व्या कलमाखाली निवडणुकीच्या किंवा गडबडीच्या दिवसांत चाकूसुरी बाळगण्यावर बंदी येऊ शकते. तेव्हा सभेला, कोर्टात, जत्रेच्या गर्दीत जाताना चाकू घरीच ठेवलेला बरा.

आता जिवाची गोष्ट. शेतात कुणाला साप चावला की खिशातला चाकू आधी बाहेर निघतो. चीर द्या, रक्त वाहू द्या, विष निघून जाईल, असा समज आहे. कृपा करून असं करू नका. चिरेतून विष निघत नाही. घोणसाच्या विषानं तर रक्त गोठायचं थांबतं. म्हणजे दिलेली चीर वाहतच राहते. आवळून दोरी बांधू नये, तोंडानं ओढू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू न देता काठीचा आधार द्यावा आणि तडक सरकारी दवाखान्यात न्यावं. तिथलं प्रतिविष हाच उपाय. चाकू खिशातच राहू द्या.

राहिली धार. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो निसटतो, म्हणून बोथट चाकूच जास्त कापतो. कापलंच तर जखम साबण-पाण्यानं धुऊन धनुर्वाताची सुई घ्यावी. धारवाल्याच्या विजेच्या चाकावर पातं निळं पडलं तर समजावं की पाणी उतरलं. त्यापेक्षा घरी दगड ठेवावा, एक बाजू जाडी आणि एक बारीक. पातं दोन सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सहा-सात मिलिमीटर वर धरायची आणि तेवढीच धरून ठेवायची. दोन्ही अंगांनी सारखे हात द्यायचे. कलमाच्या चाकूला एकाच अंगानं उतार असेल तर त्याच अंगानं लावावं. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करावा. त्याच्या बुडाचा खरखरीत काठ वेळेला उपयोगी पडतो. धार अंगठ्यावर पाहू नये, कागदाच्या कडेवर पाहावी. आणि खिळ्यात गोडेतेल घालू नये, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब महिन्याला पुरतो.