पहिल्या झुरक्याचा ठसका



खेड्यातील मुलगा बिडीचा पहिला झुरका नेहमी चोरूनच ओढतो असे नाही. वडील ओसरीवर बसलेले असतात, हाती बिडी असते, काडीपेटी सापडत नाही. मग 'जा रे, चुलीवरून पेटवून आण' असे फर्मान सुटते. मुलगा चुलीपुढे बसून बिडीचे टोक निखाऱ्याला लावतो. परंतु बिडी सिगारेटप्रमाणे आपोआप जळत राहात नाही. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली ती तंबाखू सारखी ओढावी लागते, नाही तर विझते. ओसरीपर्यंत ती पेटती न्यावयाची तर मुलाला दोन झुरके घेणे भाग पडते. त्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी उभे राहाते, आणि ओसरीवर हशा पिकतो. कित्येक मुलांच्या धूम्रपानाचा आरंभ असा आज्ञापालनातून झालेला असतो. हे ध्यानी न घेता शिक्षकाने अशा मुलास वाईट चालीचा ठरविणे न्यायाचे होणार नाही.

त्या ठसक्याला हसण्याचा प्रघात जुना आहे. त्याचा अर्थ मात्र क्वचितच कोणी मुलास सांगतो.

घशापासून फुप्फुसापर्यंतचा श्वासमार्ग आतून ओलसर, नाजूक त्वचेने मढविलेला आहे. स्वरयंत्राच्या आसपास आणि श्वासनलिकेत मज्जातंतूंची टोके असतात. धूळ, पाणी किंवा उग्र वायू यांचा स्पर्श होताच ती मेंदूस वर्दी देतात आणि क्षणार्धात खोकल्याची उबळ येऊन तो पदार्थ बाहेर फेकला जातो. तंबाखूच्या धुरात चिकट काजळीचे सूक्ष्म कण असतात, अमोनिया असतो, फॉर्मल्डिहाइड व ॲक्रोलीन यांसारखी झोंबणारी द्रव्ये असतात; शिवाय धूर उष्ण आणि कोरडा असतो. ओले लाकूड चुलीत घातले म्हणजे डोळे कसे चुरचुरतात हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तोच प्रकार घशाच्या आत चालू असतो. फरक एवढाच की, डोळे मिटून घेता येतात, घसा मिटता येत नाही. नवख्याच्या घशात खवखव सुटते, आवाज बसतो, छातीच्या मधोमध जळजळ होते, श्वास आखडल्यासारखा वाटतो.

याखेरीज निकोटीनचा परिणाम निराळा. चक्कर येते, तोंडाला पाणी सुटते, मळमळते, कपाळावर गार घाम येतो, नाडी जलद चालते. लोक याला 'तंबाखू लागली' म्हणतात. हा शब्दप्रयोग अगदी यथार्थ आहे, कारण ही खरोखरच सौम्य विषबाधा होय.

नवख्याची ही अवस्था राजेरजवाड्यांनाही चुकलेली नाही. सुमारे 1604 साली असदबेग नावाचा मोगल वकील विजापूरहून परतला, तेव्हा त्याने अकबर बादशहाला भेट म्हणून तंबाखू आणि एक रत्नजडित नळी नेली. बादशहाने कुतूहलाने ती तोंडाला लावली. जवळच उभा असलेला राजवैद्य अस्वस्थ झाला आणि दोन-तीन झुरक्यांपलीकडे त्याने बादशहास ओढू दिले नाही. परीक्षा न झालेला पदार्थ राजाने का सेवन करावा, असा त्याचा सरळ आक्षेप होता. पुढे 1617 मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती कितपत पाळली गेली हे आजच्या पानटपऱ्यांवरून समजून घ्यावे.

शहरात पाईप ओढणारे काही लोक असतात. पाईप ओढणारा मुरलेला मनुष्य धूर बहुधा तोंडातच घोळवून सोडून देतो. पाईपमधील तंबाखूचा धूर बराचसा अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात शिरते. छातीत ओढण्याची गरज पडत नाही. सिगारेटची सवय असलेला मनुष्य जेव्हा प्रथम पाईप हाती घेतो, तेव्हा तो जुन्या सवयीने धूर खोल ओढतो, आणि तो उग्र धूर घशाला व छातीला असा झोंबतो की, दोन दिवस आवाज फुटत नाही. घाईघाईने ओढल्यास पाईप तापतो आणि जीभही पोळते. 'हळू ओढ, आत घेऊ नकोस' असा सल्ला मग त्याला मिळतो. त्या सल्ल्याने ठसका कमी होतो हे खरे, पण रोग टळत नाही. पाईप ओढणे ओठाच्या कर्करोगाचे कारण आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या 1964 च्या अहवालातच दिलेला आहे. तोंडाचा व घशाचा कर्करोग वेगळाच.

खेड्यातील चिलीम याच्या उलट टोकाची. तिच्या बुडाला खडा घालतात, ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून एका दमात धूर छातीच्या तळापर्यंत ओढतात. छापीमुळे धूर निवतो, म्हणून तो सौम्य झाला असा समज आहे. वास्तविक ओल्या फडक्याने धुराची उष्णता तेवढी कमी होते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू त्यातून जसाच्या तसा पार होतो आणि रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. निवलेला धूर घशाला कमी टोचतो, म्हणूनच तो अधिक खोल ओढला जातो! सोय म्हणून केलेली गोष्ट अशी उलटते.

आता मुख्य मुद्दा. काही आठवड्यांनी ठसका थांबतो. मुलाचे सोबती म्हणतात, 'आता मुरला'. मुलालाही आपण मोठे झालो असे वाटू लागते. या वेळी शरीरात काय घडलेले असते? श्वासनलिकेच्या अस्तरावर डोळ्यांस न दिसणारे, केसांसारखे असंख्य तंतू असतात. खळ्यावर खराटा फिरावा तसे ते अहोरात्र हलत राहून धूळ व कफ वर घशाकडे लोटीत असतात. धुराने हे तंतू मंद होतात आणि पुढे पुढे झडू लागतात. वर्दी देणारी मज्जातंतूंची टोकेही बोथट होतात. चोर नित्य येत असून कुत्रे भुंकेनासे झाले, तर चोरी थांबली असे कोणी म्हणत नाही.

बिडी ओढणाऱ्यास सकाळी खोकल्याची ढास का लागते, याचे उत्तरही येथेच आहे. रात्रभर धूर नसल्याने ते तंतू थोडे सावरतात आणि साचलेला कफ वर लोटू लागतात. मग मनुष्य उठल्याबरोबर बिडी पेटवितो. तंतू पुन्हा गुंगतात, ढास थांबते. 'बिडीने कफ सुटतो' हा गावोगावचा अनुभवसिद्ध मानलेला समज असा जन्मास आला आहे. प्रौढांपुढे बोलताना शिक्षकाने हा एकच दाखला नीट समजावून दिला, तरी पुष्कळ काम होईल.

मुलांच्या बाबतीत धोका दुप्पट आहे. त्यांची फुप्फुसे विशीच्या आसपासपर्यंत वाढत असतात, श्वासनलिका अरुंद असतात, आणि कोवळ्या वयात निकोटीनची ओढ फार लवकर जडते. म्हणून ठसका लागण्याचे पहिले थोडे दिवस हाच शिक्षकाचा खरा अवसर होय. मुलाच्या अंगाला धुराचा वास आला, तो वारंवार खाकरू लागला, कवायतीत किंवा खो-खो खेळताना लवकर दमू लागला, तर त्याला वर्गासमोर उभे करू नये. छडीने तर काहीच साधत नाही. मुलगा गोठ्याच्या आडोशाला जाऊन ओढू लागतो इतकेच. त्याला एकट्याला बोलवावे, आणि 'तुला ठसका लागतो ना? तुझी छाती अजून खरे सांगते आहे' असे म्हणून वरील सर्व प्रकार फळ्यावर चित्र काढून दाखवावा. शास्त्राचा पाठ म्हणून सांगितलेली गोष्ट मुलाला उपदेशाहून अधिक पटते.

पालकांस मात्र स्पष्ट बोलावे लागेल. 2003 च्या केंद्रीय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचा कोणताही पदार्थ विकणे गुन्हा आहे, तसेच शाळेपासून शंभर वारांच्या आत तो विकता येत नाही. तेव्हा वडिलांसाठी बंडल आणावयास गेलेल्या मुलाच्या हातीही दुकानदाराने ते देता कामा नये. पालकसभेत हे सांगताना चुलीवरून बिडी पेटवून आणण्याची गोष्टही काढावी. पुष्कळ बाप हे ऐकून चपापतात, कारण आपण मुलाला ओढावयास शिकवीत आहोत हे त्यांच्या कधी ध्यानीच आलेले नसते. मिश्री लावणाऱ्या आयांनाही याच सभेत दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या खिशात पुडी असते, त्याने या सभेत काय बोलावे हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी 1800-11-2356 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो शिक्षकांसाठीही आहे.

ओढणे सोडणाऱ्या मुलास एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, पण तंतू जागे होऊन साचलेला कफ लोटू लागल्यामुळे काही आठवडे खोकला वाढलेला वाटण्याचा संभव असतो. 'सोडल्यामुळेच खोकला लागला' असे समजून अनेक जण याच टप्प्यावर पुन्हा बिडी धरतात. या दिवसांत कोमट पाणी घ्यावे, चुलीच्या धुरापासून दूर बसावे. मात्र खोकला, मग तो ओढणाऱ्याचा असो वा न ओढणाऱ्याचा, दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा ताप येऊ लागला, वजन घटले, थुंकीत रक्त दिसले, तर तो सोडण्याचा खोकला म्हणून अंगावर काढू नये. तंबाखू ओढणाऱ्यास क्षयरोगाचा धोका अधिक असतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत थुंकीची तपासणी विनामूल्य होते. मुलाबरोबर घरचे कोणी जाण्यासारखे नसेल, तर आशा कार्यकर्तीस सांगून त्याला पाठवावे.