नरसिंहाचा चित्रपट आणि आपली लहान मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



२०२५ साली २५ जुलैला, श्रावण लागला त्याच दिवशी, ‘महावतार नरसिंह’ हा श्री. अश्विनकुमार यांचा चित्रपट लागला. तो सगळा चित्रांचा आहे, नटनट्या त्यात नाहीत. पुढे कानबाई आली, घरे पाहुण्यांनी भरली, आणि आपल्यापैकी पुष्कळजणी कडेवरच्या मुलांसकट तो पाहून आल्या. चित्रांचा आहे, शिवाय देवाचा आहे, मग मुलांना नेण्यास हरकत कसली, असे त्या म्हणतात. मला हरकत आहे.

चित्रांचा म्हणजे मुलांचा, हा हिशेब खरा नव्हे. विलायतेत १९३८ साली डिस्नेच्या हिमगौरीलासुद्धा, मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच यावे, अशी अट घातली होती. आपल्याकडचा २००५ सालचा श्री. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ही चित्रांचाच, पण बाळ मारुतीच्या खोड्या पाहून मुले हसतात. नरसिंहात वराहाचे युद्ध आहे, होलिकेची आग आहे आणि शेवटी राक्षसाचे पोट फाडणे आहे. मोठ्यांनी तो जरूर पाहावा. मलाही आवडला, हातही जोडले गेले.

कोणी म्हणेल, ही गोष्ट तर आपण दर होळीला सांगत आलो. खरे आहे. पण आजीची गोष्ट हुंकारावर चालते. नातवाचा हुंकार बारीक झाला की आजी ओळखते. हत्तीला लगेच माघारी फिरवते, प्रह्लादाला कड्यावरून फुलांवर झेलते, आणि पोट फाडण्याचे एका वाक्यात उरकते. चित्रपटगृहात काळोख, आवाज छातीत धडधडणारा, आणि पडद्याला कोणाचाच हुंकार ऐकू जात नाही. दोन तासांहून अधिक वेळ हे चालते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. लहान मूल सिंहाला भीत नाही हो, ते बापाला भिते. आमच्या गल्लीतला पाच वर्षांचा मुलगा चित्रपट पाहून आल्यावर रात्री आईला विचारीत होता, “बाबा रागावले तर मलाही आगीत बसवतील का?” आपण मोठी माणसे त्यात देव पाहतो. त्याने मुलाच्या जिवावर उठलेला बाप पाहिला. त्यावर घरातले हसले, ‘भित्रा’ म्हणाले. तसे म्हटले की मूल विचारणे सोडते, भिणे मात्र सोडत नाही.

२०२४ च्या नियमांपासून चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर सात, तेरा, सोळा असे वयाचे आकडे येतात. ते आईबापांसाठी आहेत. दारावरचा माणूस त्यावरून मुलाला अडवीत नाही. तेव्हा तिकीट काढण्याआधी आकडा आपणच पाहावा. माझ्या मते सात वर्षांखालच्या मुलाला असल्या चित्रपटाला नेऊच नये. त्याहून मोठ्याला आधी घरी गोष्ट सांगावी, मग न्यावे, आणि कडेची खुर्ची धरावी. मूल रडू लागले तर उठून बाहेर यावे. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत. आपण बायका नेमक्या तिथेच अडतो!

येत्या होळीला मंडळाच्या ओट्यावर संध्याकाळी लहान मुलांना प्रह्लादाची गोष्ट सांगावी, असे माझ्या मनात आहे. ज्या आजीबाई सांगण्यास तयार असतील त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.