अकरा रात्री, तीन देश (आणि बाबांसाठी चौथा)

युरोपचा प्लॅन स्वतः कसा करायचा, यावर आज बोलूया. माझी एक्सेल शीटच उघडतो. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन जायचंय. हाताशी ११ रात्री. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. बाबांचा पहिला प्रश्न, "अरे, एवढे पैसे घालून तीनच देश? शेजारचे काका दहा दिवसांत सात करून आले!"

प्रश्न रास्त आहे. म्हणून मी त्यांना तास मोजून दाखवले. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास. ऐकायला काहीच नाही. पण जुनं हॉटेल सकाळी १०-११ला सोडायचं, नव्या हॉटेलात खोली मिळते दुपारी ३च्या सुमारास. मधे बॅगा, जिने, स्टेशन, प्लॅटफॉर्म. म्हणजे मुक्काम हलवला की तो दिवस गेलाच. सात देश म्हणजे हे सहा वेळा. आईचा गुडघा एवढं करणार नाही, आणि खरं सांगू का, मीही नाही.

तर प्राग ४, व्हिएन्ना ४, बुडापेस्ट ३. जाताना प्रागला उतरायचं, परतीचं विमान बुडापेस्टहून. तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' पर्याय बघा, नाहीतर परतीसाठी उलटं प्रागला जाण्यात अख्खा दिवस जातो.

चौथा देश फुकटात मिळतो. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा, म्हणजे स्लोव्हाकियाची राजधानी, रेल्वेने तासाभरावर. सकाळी जायचं, संध्याकाळी परत, बॅगा हॉटेलातच. हे मात्र रविवारी करा, कारण त्या दिवशी व्हिएन्नातली बहुतेक दुकानं, सुपरमार्केटसुद्धा, बंद असतात.

आता व्हिसा. हे चारही देश शेंगेनमध्ये, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज कुणाकडे? जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील, तर जिथे आधी उतरणार त्यांच्याकडे. आमचं प्राग-व्हिएन्ना बरोबरीत, म्हणून चेक प्रजासत्ताक. व्हिएन्नात एक रात्र वाढवली की अर्ज ऑस्ट्रियाकडे! म्हणून आधी रात्री पक्क्या करा, मग अपॉइंटमेंट घ्या.

आणि पहिल्या दिवशी तिकीट काढून बघायचं काहीही ठेवू नका. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. आई-बाबा रोज साडेसहाला उठणारे, म्हणजे तिथे पहाटे तीनला टक्क जागे आणि संध्याकाळी सातला पेंगणार. मी त्याचाच फायदा घेतोय. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चार्ल्स पूल. दिवसा तिथे मुंगीला वाट नसते. दुपारी सरळ झोप. शीटमध्ये तसं लिहिलंय, 'झोप'. बाबांनी त्या रकान्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय.

काल मात्र त्यांनी विचारलं, "ब्रातिस्लाव्हाचा पासपोर्टवर शिक्का मिळतो ना?" नाही मिळत. शेंगेनच्या आत एका देशातून दुसऱ्यात जाताना शिक्का नसतो. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. काकांना आता फोटोच दाखवावे लागणार.