कॅमेरा दारावर हवा, बाईवर नको

(फैजपूर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



गटाच्या जागेला कॅमेरे लावायचे का, आणि लावायचे तर कोणते, हा आजचा विषय. आपल्या खोलीत शिलाई मशीनं आहेत, कपाटात हिशेबाच्या वह्या आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथं मार खाल्लेली बाई रात्री-अपरात्री येते, आणि कधी तिच्यामागं तिच्या घरची माणसंही येतात. म्हणून दारावर नजर हवी, ही मागणी रास्तच आहे.

पण कॅमेरा म्हटलं की आपल्या जिल्ह्याला १९९४ आठवतं. त्या वर्षी जळगावात उघडकीला आलेल्या प्रकरणात बायका-मुलींची छायाचित्रं काढून त्यांना धमकावलं गेलं होतं. कॅमेरा पुरुषाच्या हातात आणि बदनामी बाईच्या वाट्याला! म्हणून किमतीच्या आधी विचारायचं ते हे: कॅमेरा कोणाला बघणार, आणि कॅमेऱ्यातलं कोण बघणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जागेत आहे. एक कॅमेरा मुख्य दारावर, एक मागच्या दारावर, एक कपाटाच्या खोलीत. समुपदेशनाच्या खोलीत, मुक्कामाच्या खोलीत, न्हाणीघराच्या वाटेवर एकही नाही. फार उंच लावला तर फक्त डोकी दिसतात. आठ-नऊ फुटांवर, चेहरा ओळखू येईल असा लावा. दोन मेगापिक्सेल आणि रात्री दिसण्याची सोय पुरते. तरी दारावर दिवा हवाच. वीज गेली की सगळं बंद पडतं, म्हणून इन्व्हर्टरची जोड द्या. चित्रण साठवणारी पेटी कुलपात ठेवा. चोरानं पेटीच नेली तर कॅमेऱ्याचा उपयोग काय?

आता दुसरा प्रश्न. बसवणारा माणूस स्वतःच्या मोबाईलवर जोडणी करून देतो आणि तो पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. आपल्याकडे कोण आलं, हे मग तो घरी बसून पाहू शकतो. म्हणून काम संपताच त्याच्यासमोर पासवर्ड बदला आणि त्याचा मोबाईल त्यातून काढायला लावा. पासवर्ड गटातल्या दोघींकडेच असावा. चित्रण कोणी, कधी, कशासाठी पाहिलं, हे वहीत लिहा. दारावर पाटी लावा. येणाऱ्या बाईला ते कळण्याचा हक्क आहे.

चित्रण कायम राहतं असं समजू नका. चार कॅमेऱ्यांचं चित्रण एक टेराबाईटच्या डिस्कवर साधारण एक-दोन आठवडे टिकतं, मग त्यावर नवं चढतं. दारात कोणी दंगा केला तर त्याच दिवशी प्रत काढा. घड्याळ बरोबर आहे ना, हेही पाहत चला.

आणि ते कोर्टात टिकायला हवं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून दाखवायचं होतं. त्या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ यंत्राऐवजी प्रत हजर करायची तर सोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट आहे. त्याचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्या व्यक्तीनं आणि दुसरा तज्ज्ञानं भरायचा असतो. म्हणजे यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हे आपल्या ठरावातच लिहिलेलं असावं.

घरातल्या कॅमेऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. 'चोरांसाठी' म्हणून नवरा स्वयंपाकघरात कॅमेरा लावतो आणि दुकानात बसून विचारतो, "कोण आलं होतं? फोनवर कोणाशी बोलत होतीस?" ही सुरक्षा नव्हे, पहारा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मानसिक छळालाही हिंसाच मानतो. बाईचं खाजगीतलं चित्रण चोरून करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. अशी बाई आपल्याकडे आली, तर "तुझ्या भल्यासाठीच लावला असेल" असं तिला म्हणू नका.

शेवटी, कॅमेरा पाहतो, धावून येत नाही. धावून शेजारणीच येतात. म्हणून खरेदीच्या आधी बैठक घ्या: कॅमेरे कुठं, पासवर्ड कोणाकडे, आणि रात्री हाक आली तर कोणी उठायचं, हे तिन्ही ठराव एकाच दिवशी करा.